चहाच्या किमतीची कादंबरी

६ जानेवारी

साहेबांनी आज केबिनमध्ये बोलावून दोन बातम्या दिल्या. पहिली ऐकून मी हवेत गेले आणि दुसरी ऐकून तिथूनच खाली आपटले.

पहिली : माझी कादंबरी 'अथांगाच्या वाटेवर' आमची संस्था छापणार. बावीस वर्षं मी इथे दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या किमती ठरवते आहे. पानं मोजा, कागदाचा भाव बघा, दुकानदाराची सवलत धरा आणि मागच्या बाजूला आकडा टाका. आता माझ्या पुस्तकावर आकडा पडणार. डोळ्यांत पाणी आलं. साहेबांना वाटलं वाऱ्याने आलं, म्हणून त्यांनी पंखा कमी केला.

दुसरी : त्याच महिन्यात, त्याच कागदावर, धाकटीचंही पुस्तक.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. खालच्या मजल्यावर राहते आणि दातांच्या कवळ्या बनवते. गेल्या वर्षी जिन्यात मला थांबवून म्हणाली होती, "ताई, काहीतरी लिहिलंय. साच्यातलं प्लास्टर वाळेपर्यंत हात रिकामे असतात ना, फोनवरच लिहीत गेले. तुमच्या ऑफिसात कुणाला दाखवाल का?" मी म्हटलं, दाखवते की. आणि त्याची प्रिंट काढून आलेल्या हस्तलिखितांच्या गठ्ठ्यात अगदी तळाला सरकवली. तो गठ्ठा कुणी उलटा करून वाचायला घेईल असं मला कसं वाटावं?

"एका घरात दोन लेखिका," साहेब म्हणाले. मी हसले. हसताना जबडा दुखतो हे आज कळलं.

९ जानेवारी

साहेब मनात एक ठेवून दुसरं बोलत नाहीत, हा त्यांचा गुण. आज अटही सांगून टाकली. कागद महागलाय, गोदामात परत आलेल्या पुस्तकांना जागा उरली नाही, तेव्हा दोघींच्याही पाचशेच प्रती काढायच्या. सप्टेंबर संपेपर्यंत जिच्या आधी संपतील तिचं पुढचं पुस्तक कागदावर निघेल. दुसरीचं नुसतं ई-पुस्तक.

"घरातल्या घरात आहे म्हणून स्पष्ट बोलतो," म्हणाले. "वाईट नाही ना वाटलं?"

"छे," मी म्हटलं.

माझी दुसरी कादंबरी कपाटात तयार आहे. पहिलीपेक्षा चांगली आहे. हे मला माहीत आहे, अजून कुणालाच माहीत नाही. ती फोनच्या काचेमागे जन्माला यावी आणि बॅटरी संपली की विझावी, हे मला चालणार नाही. मला ती कागदावर हवी आहे, शिवलेली, बांधलेली, हातात धरली की वजन लागणारी. बावीस वर्षं दुसऱ्यांची बाळंतपणं केल्यावर एवढी इच्छा अवास्तव नाही.

धाकटीला काय, तिला पहिलं लिहून झालं याचंच अजून नवल वाटतंय.

१९ जानेवारी

घरी सांगायचं मी रविवारसाठी राखून ठेवलं होतं. रविवारी सगळे माझ्याकडे जेवतात, हे पेपर बाजूला ठेवतात, सासूबाई लक्ष देऊन ऐकतात. पण धाकटीने शनिवारीच जिन्यात सासूबाईंना सांगून टाकलं आणि मी सांगेपर्यंत बातमी शिळी झाली.

"तुझंही का? वा," हे म्हणाले आणि भाजी मागितली.

भाऊजी बायकोकडे असे बघत होते की जणू तिने दात नाही, राजमुकुट घडवलाय. धाकटी म्हणते, "ताईंमुळेच झालं सगळं. त्यांनी नेऊन दिलं म्हणून. नाहीतर मला कोण विचारतं?" म्हणजे तिच्या कौतुकातही काम माझंच.

सगळ्यांना वाढून झाल्यावर ती नेहमीसारखी ओट्याशी उभी राहून जेवली. हे तिचं नाटक मला पाठ आहे. लोकांनी म्हणावं, बस गं, दमलीस. कुणी म्हणत नाही, तरी ती सोडत नाही.

मला मत्सर वगैरे वाटत नाही. मला फक्त अन्याय सहन होत नाही.

१२ फेब्रुवारी

आमच्याकडे ई-पुस्तकांचं काम बघते तिला सगळे ई-बाई म्हणतात. फोन उचलतानाही ती "ई-बाई बोलतेय" असंच म्हणते. आज ती दोन्ही पुस्तकांच्या ई-किमती विचारायला आली. आमचा नियम साधा आहे : छापील किमतीच्या निम्मी ती ई-किंमत. मी तिला उद्या सांगते म्हटलं.

बावीस वर्षांत मला एक गोष्ट कळली आहे. वाचकाला वाटतं की तो पुस्तक निवडतो. प्रत्यक्षात तो किंमत निवडतो आणि मग पुस्तक आवडून घेतो. तेव्हा विचार असा केला. माझी कादंबरी छापील साडेतीनशे. ई-पुस्तक वीस. बाहेर एका चहाला पडतात तेवढे. लोक सहज घेतील, फोनवर वाचतील, भारावतील आणि मग घरात असावी म्हणून छापील आणतील. आधी चव, मग ताट.

धाकटीचं पुस्तक लहानसं, छापील दोनशे साठ. पण तिचे वाचक कोण? दवाखान्यातल्या मुली, कवळीवाल्यांची नातवंडं, सगळे फोनवाले. त्यांच्या हातातून फोनवरचं पुस्तकच काढून घेतलं तर गवगवा करणार कोण? आणि गवगवा झाला नाही तर दुकानातून ते उचलणार कोण? तेव्हा तिची ई-किंमत तीनशे चाळीस. छापलेल्यापेक्षा जास्त. असं आजवर आमच्याकडे कुणी केलेलं नाही.

हा अन्याय आहे का, असं मी स्वतःला विचारलं. उत्तर आलं की हा प्रयोग आहे.

१५ फेब्रुवारी

साहेबांनी कागद दोनदा वाचला.

"स्वतःचं वीसला आणि जावेचं तीनशे चाळीसला?" म्हणाले. "फार मोठं मन आहे तुमचं." आणि सही केली.

ई-बाई मात्र भुवया वर करून गेली. तिला पगार भुवया वर करण्याचा मिळत नाही.

३ मार्च

पुस्तकं आली. गठ्ठ्याची सुतळी मीच कापली. माझं पुस्तक हातात घेतलं आणि आधी मागचं पान बघितलं, किंमत नीट छापली आहे का ते. सवय जात नाही. मग पुढचं बघितलं, तिथे माझं नाव. ते मोठ्याने वाचलं.

धाकटीचं 'हसण्याचं माप' शेजारीच होतं. मुखपृष्ठावर एक कवळी, पाण्याच्या पेल्यात. लोक कशाकशावर पैसे घालवतील सांगता येत नाही. मी ते वाचलेलं नाही. किंमत ठरवायला पानं मोजावी लागतात, वाचावी लागत नाहीत.

आमचे मुद्रितशोधक, ज्यांना आम्ही बुवा म्हणतो, दोन्ही वाचून बसलेत. म्हणाले, "तुमच्या कादंबरीतली ती धाकटी सून फार जिवंत उतरली आहे हो. बाकीची माणसं जरा बोलतात जास्त, पण ती!"

आता कादंबरीत घर आहे म्हटल्यावर सून असणारच. गोडबोली, सगळ्यांची कामं अंगावर घेऊन सगळ्यांना मिंधं करून ठेवणारी, उभ्याउभ्या जेवणारी, माहेरचा फोन आला की दार लावून चहाड्या सांगणारी. निव्वळ कल्पना. कुणाला टोपी बसली तर त्याला माझा इलाज नाही. शिवाय जिला बसेल ती काही जाडजूड कादंबऱ्या वाचणाऱ्यातली नाही.

२१ मार्च

पी हळद आणि हो गोरी म्हणतात ते खोटं नाही. माझं ई-पुस्तक सुसाट सुटलंय. ई-बाई रोज सकाळी यादी दाखवते, तिच्यात मी वर आणि धाकटी तळाला. तिचं फोनवर जवळजवळ कुणीच घेत नाही. हस्तलिखितांच्या गठ्ठ्यात जिथे होती तिथेच आली.

घरी जाताना मी स्वतःला एक छत्री घेतली. महागातली.

४ एप्रिल

सगळ्यांनी घेतलंय. ह्यांनी घेतलंय, भाऊजींनी, माझ्या बहिणीने, लेकीच्या सगळ्या मैत्रिणींनी. भेटेल तो म्हणतो, "घेतलं हं तुमचं पुस्तक." मी विचारते, "कसं वाटलं?" तर म्हणतो, "वाचायचंय अजून. पण घेतलं हं."

ह्यांचा फोन टेबलावर पडला होता, सहज बघितलं. चार टक्के. चार टक्के म्हणजे अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश आणि अर्धा सूर्योदय.

सासूबाईंना म्हटलं, फोनवर अक्षरं मोठी करून देऊ का? त्या म्हणाल्या, "असू दे गं. फोनमध्ये आहे म्हणजे कुठे जातंय? सवडीने वाचीन." आणि उशीखालून 'हसण्याचं माप' काढलं. छापील. भाऊजींनी आणून दिलेलं. "हे मेलं उद्या ती शेजारची मागून नेईल, म्हणून आधी हे उरकते," म्हणाल्या.

उरकते म्हणताना त्या हसत होत्या. धाकटीने बनवलेल्या कवळीने.

१९ एप्रिल

आज मुद्दाम चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन उभी राहिले. दुकानदार ओळखीचा, म्हणून कोपऱ्यातल्या शब्दकोशांमागे राहिले. तिथे कुणी येत नाही.

एक नवराबायको आले. बाईने धाकटीचं पुस्तक उचललं, चाळलं, जरा हसली. नवऱ्याने फोन काढला. आजकाल सगळे काढतात, दुकानात उभं राहून फोनवरचा भाव बघतात.

"फोनवर तीनशे चाळीस आहे गं हे."

"आणि हे दोनशे साठ? मग छापीलच स्वस्त पडतंय की. घे घे. फोनवर एवढं महाग लावलंय म्हणजे काहीतरी असणार त्यात."

मग तिने माझं उचललं. मी शब्दकोशांआडून मान पुढे काढली. मागे वाचलं, पुढे वाचलं, मुखपृष्ठावर बोट फिरवलं. तिला आवडलं होतं, मी शपथेवर सांगते.

"हे वीसला आहे फोनवर," नवरा म्हणाला.

"वीस? मग इथे साडेतीनशे कशाला घालायचे? घरी गेल्यावर फोनवर घेऊ."

आणि तिने ते जागेवर ठेवलं. नीट, कडेला कड लावून. घेतलंय की नाही हे ई-बाईकडून कळेलही, पण वाचणार नाही हे मला आत्ताच कळलंय. चहासाठी घातलेले पैसे कुणी आठवत बसत नाही.

मी बाहेर पडले तेव्हा दुकानदार म्हणाला, "अहो, तुमच्या जाऊबाईंच्या अजून प्रती पाठवा. संपत आल्या." मी म्हटलं, सांगते.

६ मे

जळते मी. लिहूनच टाकते. चार महिने अन्याय, प्रयोग वगैरे लिहून मी या कागदाचीही फसवणूक केली. मला धाकटीचा मत्सर वाटतो. तिचं पुस्तक विकलं जातं याचा वाटतो, तिला त्याचा गर्व नाही याचा त्याहून जास्त वाटतो. गर्व असता तर निदान तेवढ्यासाठी तिला नावं ठेवता आली असती.

सकाळी ई-बाईकडे गेले आणि म्हटलं, किमती बदलूया. माझी वर, धाकटीची वीस. ती म्हणाली, "साहेबांनी हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय. प्रयोग फार रंगलाय म्हणे." वर म्हणाली, "मला आधी वाटलं होतं तुम्ही जावेवर डाव धरलाय. मनात आणलं त्याबद्दल माफ करा हं."

करायला गेले एक आणि झालं एक. आणि जे झालं त्याबद्दल लोक माझी माफी मागतायत.

१८ मे

साहेबांनी मला सगळ्यांपुढे उभं केलं. विषय : ई-किमतीतून छापील पुस्तकाचा खप कसा वाढवावा. मी, वक्ता!

सांगितलं. काय करणार? दोन किमती शेजारी शेजारी दिसतात तेव्हा वाचक पुस्तकाची तुलना पुस्तकाशी करत नाही, त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या किमतीशी करतो. फोनवरचं महाग दिसलं की कागद स्वस्त वाटतो, आणि पुस्तक मोलाचं वाटतं. फोनवरचं मातीमोल दिसलं की कागद उधळपट्टी वाटतो, आणि पुस्तक मातीचं. बोलताना मला पहिल्यांदाच नीट कळत होतं. टाळ्या पडल्या.

बुवांनी हात वर केला. "मग तुम्ही स्वतःचं वीसला का ठेवलंत?"

"तुलनेसाठी," मी म्हटलं. "एक तरी पुस्तक बुडायला हवं ना, त्याशिवाय सिद्ध कसं होणार?"

साहेबांचे डोळे भरून आले. पंखा मी कमी केला.

११ जून

ह्यांना आज स्वयंपाकघरात पकडलं. दूध उतू चाललेलं, आणि हे ओट्याला टेकून 'हसण्याचं माप' वाचत एकटेच हसत होते. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. या माणसाला एकटं हसताना मी आजवर बघितलं नव्हतं.

"अगं, त्यातला तो म्हातारा आहे ना, तो बायकोची कवळी घालून बघतो," सांगायला लागले. मी गॅस बंद केला आणि म्हटलं, सांगू नका, मला वाचायचंय. खोटं बोलले. मला वाचायचं नव्हतं. मला फक्त त्यांचं हसणं थांबवायचं होतं.

पिकतं तिथे विकत नाही, ही म्हण मी कितीदा लिहिली असेल. घरात दोघी पिकवतो, मग तिचंच कसं विकतं?

१२ जून

पहिलं पान वाचलं. चांगलं आहे. पुस्तक मिटलं.

९ जुलै

ई-पुस्तकं विकणाऱ्या कंपनीकडून अहवाल आला. कोण किती पानांपर्यंत पोचलं, सगळं त्यांना दिसतं. छापील पुस्तकाचं हे एक बरं असतं, ते चहाड्या करत नाही.

माझे बहुतेक वाचक सूर्योदयात अडकलेत. थोडे नदीपर्यंत पोचले आणि तिथे बुडाले. नायिकेची भेट फारच थोड्यांना झाली. धाकटी सून कादंबरीच्या मध्यावर येते. तिथवर एकही माणूस आलेला नाही.

"एकही?" मी ई-बाईला विचारलं.

"अजून तरी," ती म्हणाली. ती मनाने वाईट नाही.

२ ऑगस्ट

संपल्या धाकटीच्या पाचशे. दोन महिने राखून. साहेबांनी दुसरी आवृत्ती काढायला घेतली आणि संध्याकाळी ऑफिसातच छोटासा समारंभ केला. खुर्च्या, फुलं, लाकडी फळ्यांवर मांडलेली पुस्तकं. माझ्या प्रती खालच्या फळीवर होत्या, बुवांनी कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून त्यांच्यापुढे फुलदाणी ठेवली. त्यांच्या परीने त्यांनी चांगलंच केलं.

धाकटीला बोलायला सांगितलं. ती लॅबमधून सरळ आली होती, नखात प्लास्टर होतं. एक तर ती बोलताना आधी समोरच्याचे दात बघते, इथे तर तीसेक जणांचे बघायचे होते, त्यामुळे सुरुवातच होईना. मग म्हणाली :

"मला लिहिता येतं की नाही, मला माहीत नाही. पण ताईंनी माझ्या पुस्तकाला किंमत दिली. स्वतःचं वीसला विकलं आणि माझं तीनशे चाळीसला ठेवलं. आपल्या हातचं स्वस्त करून दुसरीचं महाग कोण करतं हो?"

सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो, ते मला विचारा. मी हात जोडले.

६ ऑगस्ट

मनात एक वेडी आशा होती, म्हणून खाली गेले आणि धाकटीला विचारलं, दुसरं काय लिहितेयस?

ती मेणात दात बसवत होती. "दुसरं? नाही हो ताई. माझ्याकडे एवढंच होतं."

म्हणजे कागदावरची जागा जिने जिंकली तिला ती नको आहे. धावत ऑफिस गाठलं. साहेबांना म्हटलं, तिचं दुसरं पुस्तकच नाही, तर ती जागा मला द्या. माझं तयार आहे. माझा आवाज जरा चढला असावा, बाहेर टंकलेखन थांबलं.

साहेबांनी पेपरवेट एकदा फिरवला. मग म्हणाले, "त्यांना सुचेल. एकदा खपलेल्या माणसाला सुचतंच. थांबू आपण. तुमचं ई-पुस्तक डिसेंबरात काढूया. किंमत तुम्हीच ठरवा."

बावीस वर्षं झाली. किंमत मीच ठरवते.

१७ ऑगस्ट

दुपारी धाकटी वर आली. सासूबाई झोपल्या होत्या, हे बाहेर. तिच्या हातात 'अथांगाच्या वाटेवर' होतं. छापील.

"हे कुठून आणलंस?" मी विचारलं. माझ्या घरात फुकटच्या दहा प्रती पडल्या आहेत.

"दुकानातून. मार्चमध्येच. फोनवर वीसला होतं, पण तुमचं पुस्तक वीसला घ्यायची लाज वाटली. तुम्ही एवढी वर्षं लिहीत होता ते." ती दारातच उभी होती. "वेळ लागला वाचायला. मला भराभर जमत नाही. आज संपलं."

अख्खं? अख्खं, म्हणाली. सूर्योदयसुद्धा. मी तिला बस म्हटलं, ती बसली नाही.

"ताई, त्यातली धाकटी सून मीच ना?"

"कोण? छे गं. कादंबरी आहे ती. कल्पना असते."

"ती उभ्याने जेवते."

"पुष्कळ बायका उभ्याने जेवतात."

"बोलायच्या आधी दात बघते." ती हसली. "रागावले नाहीये हो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मग परत वाचलं. मी उभ्याने जेवते हे या घरात कुणाच्या लक्षात आलं असेल असं मला वाटलंच नव्हतं. नऊ वर्षं झाली. ह्यांनाही विचारलं, त्यांना माहीत नव्हतं. एवढं कोण कुणाकडे बघतं, ताई? मला कळलं की तुम्ही बघत होता."

मी बघत होते हे खरं. कशासाठी बघत होते ते मला माहीत आहे. तिला माहीत आहे की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

जायला निघाली आणि जिन्यातून परत आली.

"फक्त एक चुकलंय. माहेरचा फोन आला की ती दार लावून चहाड्या सांगते, असं लिहिलंय तुम्ही. मी दार लावते, ते बरोबर आहे. पण आई आता मला ओळखत नाही. फोनवर विचारते, कोण बोलतंय. मला दरवेळी मोठ्याने सांगावं लागतं की मी तुझी मुलगी. ते बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून लावते." तिने पुस्तक दुसऱ्या हातात घेतलं. "दुसरी आवृत्ती निघाली तर तेवढं बदलाल का?"

दुसरी आवृत्ती निघणार नाही हे तिलाही ठाऊक आहे. पहिलीच गोदामात पडून आहे. मी हो म्हटलं.

ती गेली. मला तिची दया आली, स्वतःची लाज वाटली. आणि लिहायला नको पण लिहिते, तिसरी गोष्ट मत्सराची होती. माझ्या सबंध कादंबरीत त्या एका वाक्याच्या तोडीचं वाक्य नाही, आणि ते ती दारात उभ्याउभ्या बोलून गेली.

१८ ऑगस्ट

सकाळी पहिल्यांदा ई-बाईकडे गेले. छापलेल्या पाचशे प्रतींत धाकटी कायमची चहाडखोर राहणार, तिथे आता माझा हात पोचत नाही. पण ई-पुस्तक आपलं आपल्याला बदलता येतं, ज्यांनी आधीच घेतलंय त्यांच्याही फोनात आपोआप बदलतं, असं तीच कधीतरी बोलली होती.

"एक परिच्छेद बदलायचाय," मी म्हटलं आणि कागद पुढे केला. ती सून दार लावते. आतून तिचा आवाज येतो, मोठ्याने, पुन्हा पुन्हा : मी तुझी मुलगी. मोठी सून जिन्यात उभी राहून ऐकते.

ई-बाईने वाचलं. मग परत वाचलं. "छान आहे हो हे," म्हणाली. मग जरा घुटमळली. "पण हे मधलं पान. इथवर कुणी आलेलंच नाहीये. कशाला त्रास घेता?"

"तरी बदल," मी म्हटलं.

ती टाइप करत होती तोवर मी शेजारी उभी राहिले. सबंध पुस्तकातली सगळ्यात चांगली ओळ आहे ती. धाकटीची आहे, आणि वर नाव माझं आहे.